दारू सुटली, पावडर लागली

गुढीपाडव्याला दारू सोडली. पीत होतो तेव्हा लिव्हरची आठवण कधी झाली नाही. सोडल्यावर मात्र रोज. बरगडीखाली जरा टोचलं की आरशासमोर जाऊन डोळे ताणून बघायचो, पिवळे दिसतात का.

महिन्याभरात डॉक्टरांकडे गेलो. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा, ७४. सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये मध्यम चरबी. "पिऊ नका, वजन उतरवा, तीन महिन्यांनी परत तपासू," एवढंच म्हणाले. औषध काहीच नाही! वीस वर्षं प्यायलेल्या माणसाला एक गोळीसुद्धा नाही, हे मनाला पटेना. तिथेच मी फसायला तयार झालो होतो.

मग मंगल कार्यालयात 'मोफत लिव्हर तपासणी शिबिर' लागलं. पांढरा कोट घातलेल्या एकाने हातात धातूची दांडी धरायला दिली, तिची वायर लॅपटॉपला. रक्ताचा थेंब न घेता मिनिटात तीन पानी रिपोर्ट: 'लिव्हर ६८ टक्के निकामी'. माझ्या मागच्याचं ६६ निघालं, तेव्हा तरी डोकं चालायला हवं होतं. तीन महिन्यांचा आयुर्वेदिक पावडरीचा कोर्स १४,४००. आजच भरले तर १२,०००. पैसे कुणाच्या तरी खासगी नंबरवर, पावती नाही.

पहिल्या पंधरवड्यात भूक लागली, झोप सुधारली. श्रेय पावडरीला दिलं. खरं तर ते दारू सुटल्याचं होतं. सहाव्या आठवड्यात अंगाला खाज, मळमळ, लघवी चहासारखी. फोन केला तर उत्तर, "विष बाहेर पडतंय, डोस दुप्पट करा." मी केला.

चार दिवसांनी एसजीपीटी ६४०, कावीळ दाखवणारं बिलिरुबिन ५.१. डॉक्टर आधी पावडरीवर चिडले, मग माझ्यावर. म्हणाले, दारू थांबली की लिव्हरमधली चरबी काही आठवड्यांतच उतरायला लागते, तुमची उतरतच होती. सिरॉसिसचं, म्हणजे लिव्हर व्रण पडून कडक होण्याचं, तसं नसतं, पण ते आहे का हे रक्त, सोनोग्राफी आणि लिव्हरचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन बघून ठरतं, दांडी धरून नाही.

गुळवेलीचा काढा घेतल्यावर लिव्हरला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापली होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष फेटाळला. माझ्या पुडीत गुळवेल होती की आणखी काही, डॉक्टरांनाही सांगता येईना. आयुर्वेदिक औषधावर घटक, परवाना क्रमांक, बॅच, मुदत छापावी लागते. माझ्या पुडीवर फक्त हिरवं पान होतं.

पावडर बंद केल्यावर आकडे उतरायला अडीच महिने लागले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पावती नाही आणि त्या माणसाचा फोन बंद.

एवढे पैसे घातले हे घरात कळू नये म्हणून पुड्या मी माळ्यावर, जुन्या कुलरच्या मागे ठेवल्या होत्या. पूर्वी क्वार्टर तिथेच ठेवायचो. बायकोला पिशवीचं टोक दिसलं तेव्हा ती काही बोललीच नाही, नुसती खाली बसली.