शेजारच्या बोक्याच्या पिसवा: सात महिने, सहा नळ्या आणि एक फणी

आधीच सांगते, बोका माझा नाही. शेजारच्या काकूंचा आहे. जेवायला त्यांच्याकडे आणि दुपारी झोपायला आमच्या पडवीत, असा त्याचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. डोळे अर्धे मिटून, मान जराशी डोलवत बसतो म्हणून माझ्या सासऱ्यांनी त्याला ‘बुवा’ नाव ठेवलं. काकू ‘सोन्या’ म्हणतात. तो दोन्हीला ओ देत नाही.

आमची वाडी चिपळूणजवळची. इथे मृग लागला की भिंतीसुद्धा घामेजतात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि आठवड्याभरात माझ्या घोट्यांवर लाल पुळ्या उठल्या. डास असतील म्हटलं. पण डास काय फक्त गुडघ्याच्या खाली, तेही तीन-तीनच्या ओळीत चावतात? मग मुलाचे शाळेचे पांढरे मोजे चढवले आणि पडवीत पाच मिनिटं उभी राहिले. चार काळे ठिपके. बोट लावायला गेले तर उडाले.

बुवाला मांडीवर घेऊन शेपटीच्या मुळाशी केस विस्कटले. आत काळी मिरपूड सांडल्यासारखं. ओल्या टिश्यूवर ती पूड झटकली तर एकेका कणाभोवती तांबूस डाग पसरला. ही पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्तच. साधी माती असती तर लाल झाली नसती.

तो कागद घेऊन काकूंकडे गेले. “आमच्या सोन्याला पिसवा? छे गो! तुमच्याकडेच लागल्या असतील त्याला.” मग कागद दाखवला. काकू गप्प. काका मात्र गालात हसले, कारण त्यांचे घोटे माझ्यापेक्षा लाल होते.

पहिला धडा इथलाच. दुसऱ्याच्या मांजराला परस्पर औषध लावायचं नाही. शिष्टाचार म्हणून तर नाहीच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे मालकाने आधीच काही लावलेलं असू शकतं. काकूंनी लावलेलं होतं! आदल्या आठवड्यात कडुलिंबाच्या पाण्याने पुसून काढलं होतं आणि झोपायच्या पोत्याखाली डांबरगोळ्या टाकल्या होत्या. पाल्याने पिसवांचं काही बिघडलं नाही. डांबरगोळ्या मात्र मांजराला विषारी, त्या लगेच काढायला लावल्या. फिनेलही तसंच. ओल्या लादीवरून चालायचं आणि मग पंजे चाटायचे, एवढं पुरतं.

औषधाच्या खरेदीत मी थोडक्यात वाचले. गावातल्या एका दुकानात मांजराचं औषध नव्हतं. दुकानदार म्हणाला, “कुत्र्याचं न्या, अर्धं लावा, सगळे तेच करतात.” खोका उलटा करून वाचला तर घटकात पर्मेथ्रिन. नाव ओळखीचं नव्हतं म्हणून घेतलं नाही, एवढंच माझं शहाणपण. दुसऱ्या दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, बरं झालं. कुत्र्याला चालणारं पर्मेथ्रिन मांजराच्या यकृताला नीट पचवताच येत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, जीव जातो. अर्धं लावा, पाव लावा, हिशेब तोच. हे वाचणाऱ्या कुणी बाकी सगळं विसरलं तरी चालेल, खोक्यावर मांजराचं चित्र आणि मांजराचं नाव असल्याशिवाय औषध घेऊ नका, एवढं लक्षात ठेवा.

डॉक्टरांनी लिहून दिलं ते फिप्रोनिल आणि एस-मेथोप्रीन असं दोन घटकांचं, मानेवर सोडायचं औषध. अर्ध्या मिलिलिटरची प्लॅस्टिकची नळी, आठ आठवड्यांवरच्या मांजराला एक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण घटक बघून घ्यायची सवय लागलेली बरी. मला एक नळी पाचशेच्या आतबाहेर पडली. फिप्रोनिल मोठ्या पिसवा मारतं आणि एस-मेथोप्रीन अंड्यांतून पुढची पिढी तयार होऊ देत नाही. औषध कातडीवरच्या तेलातून अंगभर पसरतं, म्हणून लावायच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. बोक्याला आंघोळ घालणारं आमच्यात कुणी नव्हतंच, पण कोकणातला पाऊस विचारून थोडाच पडतो? त्यामुळे लावायचा दिवस निवडावा लागला.

पहिली नळी वाया गेली, आणि त्यात चूक सगळी माझी. मान वर करून घाईघाईत पिळली, ती केसांवरच. बुवाच्या मानेवर तेलकट काटे उभे राहिले, जत्रेतल्या पोरांसारखे. कातडीपर्यंत किती पोचलं देव जाणे. वर त्याने मान वळवून थोडं चाटलं आणि अर्धा तास तोंडातून लाळ गाळली. माझ्या पोटात गोळा. डॉक्टरांना फोन केला. कडवट चवीने लाळ येते, पाणी ठेवा, लक्ष ठेवा, म्हणाले. आणि चार आठवड्यांच्या आत दुसरी नळी अजिबात लावायची नाही.

त्या चार आठवड्यांत फणीने तारलं. उवांसाठी घरात असते ना, बारीक दातांची, तीच. पिसवांची वेगळी फणी ऑनलाइन मिळते, पण मला तरी फरक जाणवला नाही. शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी ठेवायची, मान आणि शेपटीचं मूळ विंचरायचं आणि फणी वाटीत बुडवायची. साध्या पाण्यात पिसू तरंगते आणि परत उडी मारते, साबणाच्या पाण्यात बुडते. नखावर चिरडायला जाऊ नका, निसटते. पहिल्या दिवशी एकोणीस निघाल्या. बुवाला विंचरणं इतकं आवडलं की तिसऱ्या दिवसापासून फणी दिसली की स्वतःच पाठ करून बसायला लागला. या सगळ्या खटाटोपात पैसे न लागलेली आणि शंभर टक्के चाललेली वस्तू हीच.

दुसरी नळी जुलैत, नीट. काकूंनी पुढ्यात सुकटीची बशी धरली, मी कवटीच्या खाली मानेवर केसांची भांगासारखी रेघ पाडली, कातडी दिसली तेव्हा नळी टेकवून एका जागी रिकामी केली. जीभ पोचणार नाही अशी तीच एक जागा. मग कोरडं होईपर्यंत मुलाला हात लावू दिला नाही. संध्याकाळी घाबरले, कारण बुवाच्या अंगावर आधीपेक्षा जास्त पिसवा दिसायला लागल्या, सैरभैर धावत वर आलेल्या. विष लागलं की त्या अशाच वर येतात म्हणे. दुसऱ्या दिवशी फणीत तीन, त्यातल्या दोन मेलेल्या.

आणि तरीही आम्हाला चावणं चालूच! इथे बरेच जण औषध बोगस म्हणून सोडून देतात. मीही सोडणार होते. पण दोष औषधाचा नव्हता. अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या साधारण पाच टक्के धरतात. बाकी सगळं जमिनीवर. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते, ती अंडी केसांना चिकटत नाहीत, मांजर जिथे झोपतं तिथे गळून पडतात. त्यातून अळ्या निघतात, उजेड टाळून फटीत जातात आणि ती काळी मिरपूड खाऊन जगतात. त्यांना दमट हवा लागते, आणि ती आमच्याकडे फुकट. पुढे त्या कोश विणतात. त्या कोशाला बहुतेक फवाऱ्यांनी काही होत नाही. आतली पिसू आठवड्यात बाहेर येईल किंवा कित्येक महिने दबा धरून बसेल. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वास जाणवला की बाहेर. म्हणजे बंद घरात सुट्टीवरून परतल्यावर एकदम चावायला लागतात ते यामुळे.

म्हणून बुवाच्या झोपायच्या जागा शोधल्या. आमच्या पडवीतली गादीची खुर्ची माहीत होती. काकूंकडे माजघरातलं बारदान. तिसरी जागा काकांनी आठ दिवस पाळत ठेवून शोधली: कुंपणाजवळ माडाच्या झावळ्यांचा ढीग, खाली ओलसर सावलीची माती. पिसवांचं माहेर तेच असणार. झावळ्या हलवल्या, जागा मोकळी केली. बारदानाच्या जागी जुनी चादर आली, दर रविवारी उकळत्या पाण्यात. पावसात ऊन कुठून आणायचं, म्हणून गादीच्या अभ्र्यांना कडक इस्त्री. आमच्याकडे व्हॅक्यूम होता, तो एक दिवसाआड दोन्ही घरांत फिरला. त्याच्या हादऱ्यानेही कोशातल्या पिसवा बाहेर येतात, ते चांगलंच. पिशवी मात्र लगेच बांधून बाहेर टाकायची. काकूंच्या पडवीतली जमीन शेणाने सारवलेली, तिथे व्हॅक्यूमचं काही चालेना. काकांनी भेगा बुजवून पुन्हा सारवली.

रात्रीचा सापळा मुलाचा उद्योग. पसरट ताटात साबणाचं पाणी, वर छोटा दिवा. उजेडाकडे उडी मारतात आणि बुडतात. याने पिसवा संपत नाहीत, पण मोजमाप मिळतं, म्हणून मला हा फार उपयोगी वाटला. पहिल्या रात्री चौदा. जुलैअखेर पाच-सहा. गणपती आले तेव्हा सलग चार रात्री शून्य, आणि मुंबईचे पाहुणे निर्धास्त पडवीत पत्ते खेळले.

पट्ट्याबद्दल एवढंच. मध्यंतरी पुतण्याने पिसवांचा पट्टा आणून घातला. चौथ्या दिवशी तो कुंपणाच्या तारेला लटकलेला सापडला. बुवा सुटला होता हे नशीब. बाहेर फिरणाऱ्या मांजराला ओढ बसताच सुटेल असा पट्टा नसेल तर घालूच नका. शाम्पूचा तर विचारही केला नाही. त्या दिवशीच्या पिसवा मरतात, दुसऱ्या दिवशी नव्या चढतात, आणि ओरखडे फुकट.

ऑगस्टमध्ये शेपटीखाली पांढरे दाणे दिसले, काकडीच्या बीसारखे, त्यातला एक वळवळणारा. पट्टकृमी. चाटताना पिसू गिळली की तिच्यातून तो पोटात जातो, त्यामुळे पिसवा झालेल्या मांजरात हे नेहमीचंच. पिसवांच्या औषधाने जात नाही, प्राझिक्वान्टेलची गोळी वेगळी द्यावी लागते, तीही वजनावर. वजन किराणावाल्याच्या ताणकाट्यावर झालं. बुवा कापडी पिशवीत, फक्त डोकं बाहेर. चार किलो तीनशे. गोळी सुकटीत लपवली तर सुकट संपली आणि गोळी बशीत. शेवटी टॉवेलात गुंडाळून काकांनी दिली.

पिसू म्हटलं की सासूबाई प्लेगवर येतात, १८९७ चं पुणं त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकलेलं. प्लेग पसरवणारी मुख्य पिसू उंदरावरची होती, मांजराची जात वेगळी, हे सांगून झालं. “पण हा उंदीर मारतो ना?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलाला मात्र शिस्त लावली: बुवाचा ओरखडा लागला की तिथल्या तिथे साबणाने धुवायचं, कारण ओरखड्यातून ताप आणणारे जंतू पिसवांच्या विष्ठेत असतात.

ऑक्टोबर बुडाला. काकू ठाण्याला लेकीकडे तीन आठवडे, मला वाटलं त्या जाण्याआधी लावून गेल्या, त्यांना वाटलं मी लावीन. फणीत पुन्हा आठ. मधल्या काळात बुवा कानही सारखे खाजवायला लागला होता. डॉक्टरांनी कानातले किडे बघून नोव्हेंबरपासून औषध बदललं, सेलामेक्टिनचं दिलं. हेही मानेवरच सोडायचं, पण वजनाच्या गटाप्रमाणे नळी. थोडं महाग. पण लवकर वाळतं, तेलकट काटे राहत नाहीत आणि दोन तासांनी भिजलं तरी चालतं. पावसाळ्यात हेच हाती असतं तर माझा जीव कमी टांगणीला लागला असता. कान बरे झाले, काही जातींचे जंतही जातात, पट्टकृमी मात्र नाही. दोन औषधं एकत्र लावायची नाहीत, हेही विचारून घेतलं.

तारे द्यायचेच तर पहिल्या औषधाला पाचपैकी चार, दुसऱ्याला साडेचार, फणीला पाच, पट्ट्याला शून्य. मला स्वतःला तीन, पहिल्या नळीमुळे.

ऑक्टोबरच्या घोळानंतर तारखेचा तोडगा काकूंनी काढला. “महिन्यातून एकदाच ना? मग संकष्टीला लावायचं. उपास मी विसरत नाही.” हिशेबही बसतो, संकष्टी ते संकष्टी एकोणतीस-तीस दिवस. कॅलेंडरवर चंद्रोदयाच्या वेळेखाली आता त्यांच्या अक्षरात ‘सोन्या मान’ असं लिहिलेलं असतं. दुपारी मी नळी घेऊन जाते, त्या एका हाताने साबुदाणा परततात आणि दुसऱ्या हाताने सुकटीची बशी धरतात. उपासाच्या दिवशी सुकटीचा वास घरात, यावरून काकांचं दर वेळी एक ऐकून घ्यावं लागतं. सातवी नळी येत्या संकष्टीला. या वेळी आणली काकूंनी, आणि पैसे विचारले तर म्हणाल्या, “मांजर कुणाचं गो?”