ओएलईडी की मिनी-एलईडी?

मावसभाऊ सिनेमासाठी ६५ इंची टीव्ही घेतोय आणि ओएलईडी नि मिनी-एलईडी या पडद्याच्या दोन प्रकारांत गोंधळून शोरूममधून परत आलाय. साहजिक आहे; तिथल्या झगमगाटात 'व्हिव्हिड' म्हणजे भडक रंगांच्या मोडवर सगळेच टीव्ही भारी दिसतात. त्याला सांगितलं ते असं:

काळा रंग: इथे ओएलईडीला तोड नाही. मागे दिवा नसतोच, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो नि विझतो. रात्रीच्या प्रसंगात किंवा सिनेमाच्या वर-खालच्या पट्ट्यांत काळा म्हणजे काळाच. मिनी-एलईडीत मागचे बारीक दिवे गटागटाने मंद-प्रखर होतात आणि एकेका गटापुढे हजारो पिक्सेल असतात. त्यामुळे काळ्या पडद्यावर पांढरी सबटायटल्स आली की भोवती धूसर उजेड पसरतो. एकदा दिसला की डोळा तिथेच जातो.

खोलीतला उजेड: दुपारी पडदे न ओढता बघायचं तर मिनी-एलईडी सरस.

बाजूने बघणं: कडेच्या खुर्चीवरून बहुतेक मिनी-एलईडींचे रंग फिके पडतात. ओएलईडीचे फारसे नाहीत.

टिकाऊपणा: न्यूज चॅनलचा लोगो आणि खालची पट्टी रोज तासन्‌तास राहिली तर ओएलईडीवर कायमचा डाग पडू शकतो. तो वॉरंटीत धरतात का, हे बिल करण्याआधी विचार.

किंमत: तेवढ्याच पैशांत मिनी-एलईडी सहसा मोठा मिळतो. आवाज दोन्हींचा बेताचाच, साउंडबारचे पैसे बाजूला ठेव.

रात्री दिवे घालवून सिनेमाच बघणार असशील तर ओएलईडी घे. काकांच्या बातम्या दिवसभर चालणार असतील तर मिनी-एलईडी.