आवडलेलं लोकप्रिय नाव की कुणाचंच नसलेलं?

बाळासाठी मनात भरलेलं नाव सगळीकडे ऐकू यायला लागलं की पाय अडखळतो.

गर्दीची भीती थोडी जास्तच असते. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत १८८० साली जॉन हे नाव शंभर मुलग्यांमधल्या आठ जणांचं होतं. हल्ली तिथलं अव्वल नावही शंभरात जेमतेम एकाचं असतं. तरी एका वर्गात दोघं निघालीच, तर आडनावासकट हाक येणार. दुर्मीळ नावाला ही कटकट नाही, पण ते पुढेही दुर्मीळ राहील याची हमी कोण देणार?

रोजचा त्रास मात्र दुर्मीळ नावात जास्त. स्पेलिंग सांगा, उच्चार सुधारा, अर्थ समजावा. आणि हे आईबाबांना नाही, मुलाला आयुष्यभर करायचंय. (नेहमीच्या नावाचं स्पेलिंग मुद्दाम वाकडं केलं, तर दोन्हीकडचे तोटे पदरात.)

झपाट्याने वर चढलेलं नाव पुढे पिढी सांगून टाकतं. वर्षानुवर्षं टिकलेलं सहसा नाही.

आडनाव अगदी सर्रास असेल, तर दुर्मीळ नाव घ्या. कागदपत्रांतला गोंधळ टळेल. आडनावच वेगळं असेल, तर आवडलेलं लोकप्रिय नाव खुशाल ठेवा.