दुधाचे सुळे टाळूत रुतणाऱ्या कुत्र्याच्या पिल्लासाठी रबरी चेंडू: पाच महिन्यांच्या वापरानंतर

चेंडू चांगला आहे, पण पाकिटावर व्यास छापलेला नाही आणि आत झुकलेले खालचे सुळे बाहेर रेटायच्या या कामात सगळं व्यासावरच ठरतं. ठाण्याच्या नौपाड्यातल्या दुकानात फक्त 'स्मॉल' आणि 'मीडियम' सांगतात, त्यात पहिल्या चेंडूचे दोनशे रुपये वाया गेले. जाताना मोजपट्टी न्या. पिल्लाच्या खालच्या दोन सुळ्यांच्या टोकांमधलं अंतर आधी घरी मोजा आणि चेंडू त्याहून जरासाच मोठा घ्या. अंतर २४ मिलीमीटर असेल तर २७-२८. मग तो सुळ्यांच्या मधे बसतो आणि चावलं की सुळे बाहेर रेटले जातात. लहान असला तर दाढांकडे सरकतो, काम शून्य.

एवढा चेंडू घशात अडकू शकतो. आरपार दोरी ओवलेलाच घ्या, दोरी हातात धरा, खेळ संपला की उचलून ठेवा. दिवसातून तीनदा, १५-१५ मिनिटं. अंगठ्याने दाबल्यावर रबर थोडं दबलं पाहिजे. टेनिसचा चेंडू नकोच, त्याची लव दात झिजवते.

दोन आठवड्यांनी मत होतं: निरुपयोगी. वयाच्या नवव्या आठवड्यापासून नेमाने देऊनही टाळूतले खड्डे तसेच. दुधाचे सुळे टाळूत रुतले की खालचा जबडा खुंटीला बांधल्यासारखा अडकतो, पुढे वाढू शकत नाही. तिथे चेंडूची वाट बघत बसू नका. खालचे दुधाचे सुळे काढावेत, तेही साधारण ८ ते १२ आठवड्यांच्या वयात. जबडा आनुवंशिकतेनेच आखूड असेल तर तो याने लांब होत नाही, फक्त अडसर जातो आणि टाळूची जखम थांबते.

'दुधाचेच तर दात' म्हणून कुठेही काढून घेऊ नका. सुळ्याचं मूळ दिसणाऱ्या दातापेक्षा बरंच लांब आणि नाजूक असतं, पूर्ण भूल लागते. खालच्या जबड्यात कायमच्या सुळ्याचा कोंब दुधाच्या सुळ्याच्या आतल्या बाजूला असतो. हत्यार तिकडून घातलं तर नव्या दाताचं एनॅमल (वरचं कठीण आवरण) बिघडू शकतं. मूळ तुटून राहिलं तर नवा दातही वाकडा येऊ शकतो. म्हणून ठाण्यात असो वा वाशीत, पशुवैद्याला फोनवरच विचारा: तोंडात फिल्म किंवा सेन्सर ठेवून दातांचा एक्स-रे काढता का? छाती-हाडांच्या एक्स-रेत दोन्ही बाजूंची मुळं एकमेकांवर येतात.

चेंडूबद्दलचं मत बदललं ते पिल्लू साडेपाच महिन्यांचं झाल्यावर. कायमचे खालचे सुळे अर्धे वर आले होते, थोडेच आत झुकलेले. पुन्हा मोजून नवा चेंडू घेतला आणि पाच आठवड्यांत दोन्ही सुळे वरच्या सुळ्याच्या पुढच्या फटीत बसले. ती फटच नसेल तर चेंडूने भागत नाही, दातांच्या पशुवैद्याकडून तोंडात सुळे बाहेर वळवणारी उतरती पट्टी बसवावी लागते किंवा सुळा आखूड करून घ्यावा लागतो.

दोरी मात्र कमकुवत. पावसाळ्यात ती वाळतच नाही, वास येतो. दर महिन्याला बदला आणि गाठ ओढून बघितल्याशिवाय तोंडात देऊ नका.