अंबाबाई: आदिशक्ती की विष्णुपत्नी? पोथ्या शेजारी ठेवून पाहिल्यावर

नवरात्र जवळ आलं, की कोल्हापुरात पहिल्यांदा सप्तशतीच्या, म्हणजे देवीमाहात्म्याच्या पोथीच्या, पाठाला बसणाऱ्याला हा प्रश्न पडतोच. पोथी म्हणते, ही अंबाबाई सगळ्यांच्या आधीची. तिरुपतीहून, म्हणजे विष्णूच्या देवळातून, दरवर्षी तिला येणारा शालू म्हणतो, ही विष्णूची लक्ष्मी. कोणता अर्थ मनात धरून पाठाला बसायचं?

आधी जन्माचा घोळ बघू, कारण तो लवकर सुटतो. विष्णुपुराणाच्या पहिल्या अंशात, ८ व्या अध्यायात, पराशर ऋषी श्रीला, म्हणजे लक्ष्मीला, भृगू आणि ख्याती यांची मुलगी म्हणतात. त्यांचा शिष्य मैत्रेय तिथंच अडवतो: ती तर अमृतमंथनात क्षीरसागरातून आली म्हणतात, मग हे कसं? पराशरांचं उत्तर: 'नित्यैवैषा जगन्माता विष्णोः श्रीरनपायिनी', ही जगन्माता नित्यच आहे, विष्णूला कधी न सोडणारी श्री. सप्तशतीत सुरथ राजा मेधा ऋषींना हेच विचारतो, ही देवी जन्मली कशी? ऋषी म्हणतात, 'नित्यैव सा जगन्मूर्तिः', ती नित्यच आहे, जग हीच तिची मूर्ती. देवांच्या कार्यासाठी ती प्रकटली, की लोक तिला जन्मली म्हणतात. पंथ वेगळे, पण उत्तर एकच. त्यामुळं जन्मकथा जुळत नाहीत म्हणून कुणी अडून बसू नये.

खरी अडचण पुढं आहे. पराशरांची श्री विष्णूपासून कधीच दुरावत नाही. तिरुपतीच्या माहात्म्यकथेत मात्र भृगूनं विष्णूच्या छातीवर लाथ मारली म्हणून ती रुसून करवीरला, म्हणजे कोल्हापूरला, येते. आणि सप्तशतीच्या शेवटी जोडून जी रहस्यं नावाची प्रकरणं वाचतात, त्यांतल्या प्राधानिक रहस्यात तर 'सर्वस्याद्या महालक्ष्मीः', महालक्ष्मी सगळ्यांच्या आधीची. तिच्यापासून महाकाली आणि महासरस्वती होतात, आणि त्या महासरस्वतीपासून गौरी आणि खुद्द विष्णू!

यातून वाट काढायला परंपरेत कल्पभेद आहे: कल्प, म्हणजे सृष्टीचं एक आवर्तन, वेगळा, म्हणून कथा वेगळी. रुसव्याच्या कथेला हे चालतं. पण मूळ कोण, हे कल्पागणिक बदलत असेल तर त्याला मूळ कसं म्हणायचं? प्रत्येक ग्रंथ आपल्या दैवताला थोर करतो, ही सगळी स्तुती, असंही काही जण म्हणतात. यात भांडण मिटतं खरं, पण मग पाठाला बसलेल्यानं कशावर विश्वास ठेवायचा? मला हे पटत नाही.

माझं मत पातळीभेदाकडं जातं, म्हणजे एकच देवी वेगवेगळ्या पातळ्यांवर, कारण रहस्य स्वतःच तो करतं. आद्य महालक्ष्मीपासून ब्रह्मदेव आणि श्री निर्माण होतात, आणि ती श्री पुढं वासुदेवाला दिली जाते. म्हणजे आदिशक्ती आणि विष्णुपत्नी एकाच पोथीत, दोन जागी. गाभाऱ्यातल्या पाषाणमूर्तीच्या चार हातांत म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं फळ), गदा, ढाल आणि पानपात्र आहे. लक्ष्मीच्या चित्रात हमखास असणारं कमळ नाही. रहस्यातल्या आद्य महालक्ष्मीच्या वर्णनाची ओळही हेच सांगते: 'मातुलुङ्गं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती'. साडी-अलंकारांत हे सगळं नीट दिसत नाही, म्हणून आधी ओळ वाचून मग दर्शनाला जावं.

ही वाट वैष्णव घराला मानवणार नाही, आणि त्यांनी ती धरावी असंही नाही. त्यांनी तोच ८ वा अध्याय पुढं वाचावा. विष्णू अर्थ, तर ती वाणी. विष्णू जसा सर्वव्यापी, तशीच ती. तिथं पत्नी असणं म्हणजे खालची पायरी नाही, हे आदिशक्तीच्या बाजूनं हिरिरीनं बोलणाऱ्यांनीही वाचायला हवं.

देवीचा पाठ घरात चालत आला असेल, तर रहस्याचं वाचन धरा. वेळ नाही म्हणून १३ अध्याय संपवून रहस्यं सोडू नका. सगळी जमत नसतील तर प्राधानिक तरी वाचाच. त्याच्या शेवटाकडं 'निराकारा च साकारा सैव नानाभिधानभृत्' येतं, निराकारही तीच, साकारही तीच, अनेक नावं धारण करणारी. तिथं थोडं थांबा.