उन्हाळ्यात गच्चीवर पालक लावू की चिवळ?

दिवाळी ते शिवरात्र पालकच लावा, त्यात वादच नाही. प्रश्न येतो तो एप्रिलनंतर, आणि ज्या नागपूरने 23 मे 2013 ला 47.9 डिग्री पाहिले तिथे तो येणारच.

पालक पोरं खातात, बी कुठेही मिळतं, धुतला-चिरला की झालं. हिरवी जाळी लावली तर मे मध्येही येतो, माझ्याकडे पण आला, नाही असं नाही, पण थोडी पानं होत नाहीत तर तुरा. मी वैतागलो ते पाण्यापायी. त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी पाहिजेच, आणि आपल्या गच्चीवरच्या काळ्या टाकीतून संध्याकाळीसुद्धा चहाला ठेवल्यासारखं पाणी येते, म्हणजे आधी बादल्या भरून सावलीत ठेवा, निवलं की घाला, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, एखाद्या संध्याकाळी लग्नाला गेलात की सकाळी सगळी पानं कुंडीच्या काठावर लोळलेली. त्यात 2019 च्या जुलैसारखं नागपूरला पाणी देणारं तोतलाडोह धरण आटून एक दिवसाआड नळ आले, तर प्यायचं पाणी भाजीला घालता म्हणून घरचे काय म्हणतील ते वेगळंच.

चिवळ म्हणजे शेतात आपोआप उगवणारी रानभाजी, निंदताना बाया वेगळी काढून घरी आणतात ती. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात एका आजीकडून जुडी घेतली, लावायची आहे म्हटलं तर म्हणे, "जास्त पानी नोको देजो बापा, सडते थे." खरंच सडते. पानं बारीक पण मांसल, पाणी त्यातच साठवते. तिची बहीण घोळ भाजी तर पाणी तुटलं की दिवसा पानांची छिद्रं मिटून रात्री हवा घेते, पुस्तकात हे फार उशिरा आलं असावं, बायांना आधीपासून माहीत की ही उन्हात मरत नाही.

त्रास हिचाही आहे. निवडायला जीव जातो, रेती निघेपर्यंत तीन-चार पाण्यातून काढा, आणि आंबटसर चव पोरांना नाही आवडत, चण्याची डाळ आणि लसणाची फोडणी घातली तर खातात कधी कधी. मुतखडा असेल तर डॉक्टरांना विचारा, पण ते पालकालाही लागू आहे.

तुमच्याकडे सावली असेल, दोन वेळ पाणी घालणारं कोणी असेल तर पालक वाईट नाही. माझ्याकडे मात्र मार्चनंतर चिवळच असते. बी शोधत बसू नका, जुडीतल्या काड्या खोचा, लागतात. फक्त काडी मोडून बघा, दूध निघालं तर ती दुधी नावाचं तण, तशीच जमिनीवर पसरते, ती खायची नाही.