रत्नागिरी दर्शन ठरवलं, दाखवलं आंब्याचं दुकान

मे महिन्यात घरच्या वडीलधाऱ्यांना रत्नागिरीला पाठवणार असाल तर हे आधी वाचा.

‘एका दिवसात रत्नागिरी दर्शन’ अशी जाहिरात पाहून आई, मावशी आणि मी गाडी ठरवली. ३५०० रुपये, त्यातले निम्मे आगाऊ यूपीआयने. थिबा राजवाडा, टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर, रत्नदुर्ग किल्ला आणि शेवटी मांडवीचा किनारा, असं फोनवर ठरलं होतं.

मावशीने शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला. इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून उतरवलेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा १९१६ मध्ये जिथे वारला, तो वाडा तिला पाहायचा होता. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, म्हणून आम्ही मुद्दाम बुधवार धरला.

स्टेशनातून निघताच चालक म्हणाला, “काकू, राजवाड्याचं काम काढलंय, आज आत सोडत नाहीत. टिळक आळीत गाडी जाणार नाही, ते नंतर बघू. आधी आमच्या मालकांच्या बागेत आंबा खाऊन घ्या.”

बाग कसली, हायवेलगतची पत्र्याची शेड! चहा झाला, फोडी झाल्या. चाखायला दिलेला आंबा हापूसच होता, पातळ सालीचा, आतून केशरी. आईने पाच डझनी पेटी घेतली, वर काजू. घरी पेटी उघडली तर वरचा थर तेवढा बरा. खाली जाड सालीची, पिवळट गराची फळं आणि त्यांच्याखाली कानडी वर्तमानपत्र. काजूच्या पाकिटावर अन्न परवान्याचा १४ आकडी नंबरच नव्हता.

तिथेच दुपार सरली. मग पतितपावनला गेलो. सर्व जातींसाठी १९३१ मध्ये उघडलेलं ते देऊळ बघून मन भरून आलं. तिथे पुण्याचं एक कुटुंब भेटलं. ते म्हणाले, “आत्ताच राजवाडा बघून आलो, चालू आहे की!” मावशी काही बोलली नाही. परतीच्या रेल्वेची वेळ झाली होती. राजवाडा, टिळकांचं घर, रत्नदुर्ग, मांडवी सगळंच राहिलं. चालकाने मात्र उरलेले पैसे घेतलेच, वर शेडमध्ये थांबल्याचं वेटिंग म्हणून ६०० रुपये मागितले. सामान डिकीत होतं, द्यावे लागले. सत्तरीच्या बाईला अशी थाप मारून दुकानात बसवून ठेवणं मला पैशांपेक्षा जास्त लागलं.

गाडी पांढऱ्या पाटीची होती. भाड्याच्या टॅक्सीला पिवळी पाटी आणि काळी अक्षरं लागतात, तेव्हा आगाऊ देण्याआधी पाटीचा फोटो मागवा. ठिकाणांची यादी आणि वेटिंगचा दर मेसेजवर लिहून घ्या. कोणी ‘बंद आहे’ म्हणालं तरी गाडी फाटकापर्यंत न्यायला लावा. पेटी तळापर्यंत उपसून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

फोटोत आलेला गाडीचा नंबर मी परिवहन कार्यालयाला कळवला आहे आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. जाहिरातीतला फोन आता लागत नाही, जाहिरात मात्र अजून चालू आहे.